इंजिनाचा दम

हातपंपाचा दांडा एकाएकी हलका लागू लागला आणि दहा हिसके दिले तरी पाणी येईना, म्हणजे गावातल्या बाया काय म्हणतात? "वायसर गेला." त्यांनी पंप उघडून पाहिलेला नसतो. पण हाताला कळते. दांडा जड लागावयास पाहिजे, तो हलका लागतो आहे. तेव्हा आत कुठून तरी पाणी निसटते आहे.

मोटारीच्या इंजिनाचे असेच असते. तिथे पाणी नाही, हवा निसटते. मिस्त्री म्हणतो, "कंप्रेशन गेलं." आपण म्हणू, इंजिनाचा दम गेला.

दम गेला हे कळणे सोपे आहे. तो कुठून गेला हे कळले पाहिजे. एका वाटेने गेला असेल तर काही शे रुपयांत काम होते. दुसऱ्या वाटेने गेला असेल तर तीस-चाळीस हजारही लागतात. आणि वाट कोणती हे आपण विचारले नाही, तर गॅरेजवाला बहुधा मोठीच वाट धरतो.

मी शाळामास्तर, मिस्त्री नव्हे. मला हा विषय का शिकावा लागला ते आधी सांगतो.

२२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते आपल्या गोसीखुर्दला वैनगंगेवरच्या धरणाची कोनशिला बसली. पुढे धरण उभे राहिले. इंदिरा सागर असे त्याचे नाव ठेवले. नदीकाठच्या पुष्कळ लोकांची शेती आणि घरे पाण्याखाली गेली. मोबदल्याचे पैसे हाती आले. पण धानाच्या बांध्या गेल्यावर नुसत्या पैशाचे करावयाचे काय? कुणी घर बांधले, कुणी मुलीचे लग्न उरकले, कुणी गाडी घेतली. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी जुनी डिझेल जीप घेतली. पवनी ते भंडारा ते काळी-पिवळी चालवू लागले. त्यांच्या घरच्या बाई आमच्या रात्रीच्या वर्गाला येत. घरचा हिशेब त्याच ठेवीत.

२०१६ साली दिवाळीनंतर ते गृहस्थ सकाळीच माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला.

"गुरुजी, गाडी ओढत नाही जी. सवाऱ्या भरल्या की चढावर बसते. सकाळी तर धक्काच मारा लागते."

"मिस्त्री काय म्हणतो?"

"इंजिन बसलं म्हणते. बोअर करा लागते म्हणते. पंचेचाळीस हजार."

"त्यानं तपासून पाहिलं का?"

"नाही जी. आवाज ऐकला अन् सांगतलं."

पंचेचाळीस हजार! मोबदल्यातले तेवढेच पैसे आता बँकेत शिल्लक होते. थोरल्या मुलीला नर्सिंग शिकवावयाचे म्हणून ते राखून ठेवले होते. गाडी बंद ठेवावी तर रोजची मिळकत बंद. गाडी दुरुस्त करावी तर मुलीचे शिक्षण बंद. मी त्यांना म्हटले, "आजच्या दिवस होकार देऊ नका. मिस्त्रीकडून खर्चाचा कागद लिहून आणा. रात्री वर्गात बसून वाचू."

त्या रात्री मी वर्गात सायकलचा पंप नेला. तुम्हीही घ्या आणि करून पाहा.

पंपाच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबा. आता दांडा खाली ढकला. आतली हवा दबते आणि दांडा परत वर उसळतो. याचे नाव दम. असे वीस वेळा केले की पंपाचे बूड गरम लागते. का बरे? हवा दाबली की ती तापते.

डिझेल इंजिन चालते ते याच गोष्टीवर. इंजिनात लोखंडी नळकांडे असते. मिस्त्री त्याला सिलिंडर म्हणतात. त्यात एक दट्ट्या वरखाली होतो, तो पिस्टन. दट्ट्या खाली गेला की हवा आत येते. तो वर आला की ती हवा दाबली जाते. किती दाबली जाते? सतरा-अठरा पायल्या धान एका पायलीत कोंबावे इतकी. पाणी १०० अंशांवर उकळते हे आपल्याला ठाऊक आहे. ही दाबलेली हवा ५०० अंशांच्याही वर तापते. तिच्यावर डिझेलचा बारीक फवारा पडतो आणि तो आपोआप भडकतो. त्या भडक्याने दट्ट्या खाली ढकलला जातो, आणि गाडी चालते. काडी लावावी लागत नाही, ठिणगी पाडावी लागत नाही.

ही युक्ती रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरची. त्याचे इंजिन १८९७ साली नीट चालले. पुढे त्या तेलालाही त्याचेच नाव पडले. आपल्या मुलखात १९४६ साली पुण्याला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली. ओढ्या-नद्यांच्या काठी पाणी उपसणारी डिझेल यंत्रे आपण पाहिली आहेत. त्यांना आपण अजूनही नुसते 'इंजिन'च म्हणतो.

पेट्रोलच्या गाडीत हवा इतकी दाबीत नाहीत. आठ-दहा पायल्यांची एक पायली, एवढेच. तिथे ठिणगी पाडणारा प्लग असतो. पण हवा निसटली तर तीही गाडी मरगळते.

आता पाहा. हवा पुरती दबली नाही तर ती पुरती तापणार नाही. तापली नाही तर डिझेल पेटणार नाही. न पेटलेले डिझेल पांढऱ्या धुराच्या रूपाने नळीतून बाहेर जाते, आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास येतो. थंडीच्या सकाळी इंजिन आधीच गार असते, म्हणून दम गेलेली गाडी सकाळी जास्त छळते.

हवा निसटण्याच्या वाटा तीन.

पहिली वाट दट्ट्याच्या बाजूने. दट्ट्याच्या अंगावर लोखंडाच्या कड्या चढविलेल्या असतात. त्यांना रिंगा म्हणतात. हातपंपात जे काम वायसर करतो तेच इथे रिंगा करतात. त्या झिजल्या किंवा नळकांडे आतून झिजले, की हवा खाली तेलाच्या टाकीकडे जाते. ही वाट महागाची. सारे इंजिन उघडावे लागते.

दुसरी वाट झडपांची. नळकांड्यावर झाकण असते, त्याला हेड म्हणतात. त्यात झडपा असतात. एक हवा आत घेते, दुसरी धूर बाहेर सोडते. हवा दाबण्याच्या वेळी दोन्ही झडपा घट्ट मिटल्या पाहिजेत. झडपेच्या डोक्यावर एक दांडी असते. ती दाबली की झडप उघडते. झडप मिटलेली असताना दांडी आणि झडप यांच्यामध्ये अगदी बारीक फट ठेवावी लागते. मिस्त्री तिला टॅपेटची फट म्हणतात. वर्षानुवर्षे आपटून झडप आपल्या बैठकीत खोल बसते आणि ती फट नाहीशी होते. मग दांडी झडपेला पुरते मिटूच देत नाही. दारात चप्पल अडकली म्हणजे दार जसे किंचित उघडे राहते, तसे. ही वाट पुष्कळदा स्वस्ताची असते. पान्याने स्क्रू फिरवून फट पुन्हा नीट करावयाची. मात्र झडप फार दिवस उघडी राहिली तर आगीने तिची कड जळते. मग हेड उतरवून झडप घासून बसवावी लागते.

तिसरी वाट गॅस्केटची. हेड आणि खालचा भाग यांच्यामध्ये एक पातळ पत्रा असतो. तो जळाला की हवा शेजारच्या नळकांड्यात घुसते किंवा रेडिएटरच्या पाण्यात शिरते.

एवढे मी फळ्यावर काढून दाखविले. मग गॅरेजचा कागद हाती घेतला. कागद म्हणजे सिगारेटच्या पाकिटाएवढी चिठ्ठी. वर गाडीचा नंबर नाही, तारीख नाही. सगळ्यांनी मिळून वाचली. 'पिस्टन सेट ४. रिंग सेट ४. हेड गॅस्केट २. मजुरी. इतर.' खाली एकच आकडा, ४५,०००.

बाई कितीतरी वेळ बोट ठेवून ती चिठ्ठी वाचीत होत्या. मग म्हणाल्या, "गुरुजी, हे दोन काहून लिहिलं जी? आपल्या गाडीले डोकं तर एकच हाये."

वर्गात हशा पिकला. पण प्रश्न बरोबर होता. त्या जीपला हेड एकच, मग गॅस्केट दोन कशाला? आणि 'इतर' म्हणजे काय? मजुरी किती? गॅरेजवाल्याने मुद्दाम लिहिले की घाईत चुकले, हे मला आजही सांगता येणार नाही. पण कागद नसता तर हा प्रश्नच निघाला नसता.

दोन दिवसांनी आम्ही तिघे गाडी घेऊन भंडाऱ्याला गेलो. कशीबशी पोचली. तिथे एक वयस्क मिस्त्री आहेत. त्यांच्याकडे मोठा फलक नाही, दोन पोरे हाताखाली आहेत. मी म्हटले, "आधी तपासून द्या. तपासणीचे पैसे वेगळे घ्या. तोवर काही उघडू नका." ते म्हणाले, "तपासणीचे पाचशे होतील." मला तो माणूस तेव्हाच पटला. तपासणी फुकट करतो म्हणणाऱ्याला ते पैसे दुरुस्तीतूनच काढावे लागतात.

त्यांनी काय काय केले ते मी वहीत टिपून घेतले. तेच इथे देतो.

आधी त्यांनी हवेची गाळणी काढली. नाकात बोळा घातला तर माणूस कसा धावेल? गाळणी धुळीने भरली तरी गाडी ओढत नाही आणि काळा धूर फेकते. ती झटकून साफ केली. मग बॅटरी पाहिली. बॅटरी मेलेली असली तर इंजिन हळू फिरते, आणि हळू फिरले तर चांगल्या इंजिनाचाही दाब कमीच दिसतो. डिझेलच्या नळीत हवा शिरली आहे काय, तेही पाहिले. सकाळी धक्का मारावा लागतो एवढ्यावरून इंजिन बसले असे म्हणू नये.

मग इंजिन चालू केले. तेल ओतावयाचे टोपण काढले आणि त्यावर हात धरला. तिथून भकभक धूर आला असता तर रिंगा गेल्या असे समजावयाचे. इथे थोडीशीच वाफ आली. मागच्या नळीतून निळा धूर आहे काय पाहिले. निळा धूर म्हणजे इंजिनचे तेल जळते आहे. तो नव्हता. पांढरट होता. मग गृहस्थांना विचारले, "तेल किती दिवसांनी घालावं लागतं?" ते म्हणाले, "मधात कधी घालावंच लागलं नाही जी." मिस्त्रींनी मान हलविली.

नंतर पाना घेऊन त्यांनी डिझेलच्या चारही नळ्यांचे नट एकेक करून किंचित सैल केले आणि पुन्हा आवळले. पहिला सैल केला की इंजिनाचा आवाज पडे. दुसरा सैल केला, आवाज पडला. तिसरा सैल केला, आवाजात काही फरक नाही. चौथ्याला पुन्हा पडला. ते म्हणाले, "तीन नंबर झोपलेला आहे." जो मजूर कामच करीत नाही तो निघून गेला तरी काम अडत नाही, तसे हे. मात्र हा प्रयोग आपण घरी करू नये. फवाऱ्याचे डिझेल कातडीत घुसते. आणि हल्लीच्या कॉमन रेल नावाच्या गाड्यांत नळीतला जोर इतका भयंकर असतो की तिथे मिस्त्रीनेही नट सैल करावयाचा नसतो.

मग दाबाचे घड्याळ आले. नॉझल काढून त्या जागी घड्याळ बसवितात, डिझेल बंद ठेवितात आणि स्टार्टरने इंजिन फिरवितात. काटा जिथे थांबेल तो आकडा लिहावयाचा. आकडा पौंडांत असतो. मोटारीच्या चाकात साधारण ३० पौंड हवा भरतात, हे ध्यानात घ्या. पेट्रोल इंजिनात १२० ते १८० पौंड दाब येतो, डिझेल इंजिनात ३०० ते ४५०. नेमका किती पाहिजे ते त्या त्या गाडीच्या पुस्तकात असते. आमच्या जीपचे आकडे बाईंनी स्वतः वहीत लिहिले.

१ – ३८०
२ – ३७०
३ – २१०
४ – ३७५

या आकड्यांकडे पाहा. तीन सारखे आहेत, एक पडलेला आहे. आकडे सारखे असणे फार महत्त्वाचे. चारही सारखेच पण सगळेच कमी असते, तर इंजिन म्हातारे झाले असे म्हणता आले असते. दोन शेजारचे पडले असते, तर मधले गॅस्केट गेल्याचा संशय आला असता. इथे एकच पडला होता. मग चारही दट्टे बदलावयाचे कशाला?

पण एकाचाही दम कुठून जातो आहे, रिंगांतून की झडपांतून? पेट्रोल गाडीत नळकांड्यात चमचाभर इंजिनचे तेल टाकून पुन्हा घड्याळ लावितात. तेल रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजविते. आकडा वर चढला तर दोष रिंगांचा, तसाच राहिला तर झडपांचा किंवा गॅस्केटचा. डिझेल इंजिनात हे मिस्त्रींनी केले नाही. ते म्हणाले, वर जागा फार थोडी असते, तेल जास्त पडले तर आकडा खोटा येतो, आणि इंजिनालाही धोका. त्यांनी दुसरी युक्ती केली. ती मला सगळ्यांत आवडली.

तिसरा दट्ट्या अगदी वर आणला. गाडी गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला, सगळ्यांना दूर उभे केले. कारण आत हवा सोडली की इंजिन एकदम फिरू शकते, बोट तुटू शकते. शेजारच्या पंक्चरवाल्याच्या टाकीतून नळी आणली आणि नॉझलच्या भोकातून हवा सोडली. मग म्हणाले, "आता कान लावा."

तेलाच्या टोपणातून हवा येत असेल तर दोष रिंगांचा. हवेच्या गाळणीकडून येत असेल तर हवा आत घेणारी झडप गळते. मागच्या धुराच्या नळीतून येत असेल तर धुराची झडप. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. गरम गाडीचे रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये, उकळते पाणी तोंडावर उडते.

बाई मागे जाऊन नळीपाशी वाकल्या. म्हणाल्या, "इथून सू सू येते जी."

धुराची झडप. मिस्त्रींनी वरचे झाकण काढले. तिसऱ्या नळकांड्याच्या त्या झडपेला फटच उरली नव्हती. पातळ पट्टी घालून फट बांधली, स्क्रू आवळला, पुन्हा घड्याळ लावले. २१० चे ३३० झाले.

"पुरतं नाही आलं," ते म्हणाले. "झडपेची कड थोडी जळली आहे. उन्हाळ्यापर्यंत चालवा, मग हेड उतरवून घासून घेऊ." तपासणी आणि टॅपेट मिळून आठशे रुपये झाले. उन्हाळ्यात हेड उतरले, झडप बसली, नवे गॅस्केट एक पडले. त्याचे सहा हजार पाचशे झाले. मुलीचे नाव त्याच वर्षी नर्सिंगला घातले.

आता गॅरेजवाल्याशी व्यवहार कसा करावा ते पाहू. यातली मुख्य गोष्ट एकच, आणि ती वेळेची आहे. बोलावयाचे ते इंजिन उघडण्याच्या आधी. उघडल्यावर आपली गाडी तुकडे तुकडे होऊन त्याच्या टोपलीत पडलेली असते. मग दुसरीकडे नेता येत नाही. शिवाय सांगून करून घेतलेल्या कामाची मजुरी थकली तर कारागिराला ती वस्तू अडवून ठेवता येते. १८७२ सालच्या करार कायद्यातच तसा हक्क दिलेला आहे, आणि तो वाजवी आहे. शिंप्याने शिवलेला सदरा पैसे दिल्याशिवाय आपण तरी नेतो काय?

म्हणून आधी कागद करा. त्यावर गाडीचा नंबर, तारीख, मीटरवरचे किलोमीटर आणि आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहा. 'चढावर ओढत नाही' असे लिहा. 'इंजिन बोअर करणे' असे लिहू नका. तो इलाज झाला, आणि आपणच इलाज लिहून दिला तर चूक आपली. पुढे प्रत्येक सामानाचे नाव, नग आणि किंमत वेगळी. मजुरी वेगळी. 'इतर' हा शब्द दिसला की विचारा. शेवटी एक ओळ: 'याहून जास्त काम निघाल्यास आधी विचारावे.' आगाऊ पैसे दिले तर पावती घ्या. सही करण्याआधी सारे वाचा. घाई असली तरी वाचा, मिस्त्री तोंडाकडे पाहत उभा राहिला तरी वाचा.

बोअर करणे खरोखरच निघाले तर? निघते, पुष्कळदा निघते. मग मापाची चिठ्ठी मागा. लेथवाला नळकांडे आतून मापतो. नवीन असताना किती होते, आज किती आहे, आणि कंपनी किती झीज चालवून घेते, हे तीन आकडे पाहिजेत. जुने दट्टे, रिंगा, बेअरिंग परत मागा. भंगाराच्या पैशासाठी नव्हे. बदलले की नाही ते कळावे म्हणून.

काम बिघडले आणि गॅरेजवाला दाद देईना, तर भांडत बसू नये. १९७४ साली पुण्याला बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली. ग्राहकाचा पहिला कायदा १९८६ साली झाला. त्याच्या जागी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आला, तो २० जुलै २०२० पासून लागू आहे. पैसे घेऊन केलेले निकृष्ट काम म्हणजे सेवेतील त्रुटी. तिची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची. सरकारचा १९१५ हा फोन नंबरही आहे. पण आयोगासमोर तुमच्या हातात काय असणार? तोच कागद आणि तीच पावती. ती नसेल तर तोंडाचे शब्द वाऱ्यावर गेले.

इथे मला माझी स्वतःचीही एक फजिती सांगितली पाहिजे. नाहीतर सगळे मिस्त्री लबाड आणि गुरुजी शहाणे, असा तुमचा समज व्हावयाचा.

माझी दोन एकर धानाची शेती आहे. बोडीतून पाणी घेण्यास एक जुने डिझेल इंजिन आहे. २०१८ च्या आषाढात पावसाने ताण दिला. पऱ्हे तयार, रोवणी अडलेली, आणि इंजिन सुरू होईना. शेजारच्या गावचा एक तरुण मिस्त्री सायकलवर आला. दाब सोडण्याची खिट्टी न उचलताच त्याने हँडल फिरविले. ते गरगर फिरले. मग दोरी लावून कसेबसे सुरू केले, टोपण काढले. धुराचा लोट. तो म्हणाला, "गुरुजी, लायनर अन् रिंगा गेल्या. सात हजार होतील."

मी हसलो. मला जीपचा अनुभव होता ना! म्हटले, "आधी टॅपेट बघ." तो म्हणाला, "टॅपेट पाहतो, पण धूर खालून येते जी." मी ऐकले नाही. त्याला वाटेला लावले. स्वतः पट्टी घालून टॅपेट बांधले. काही झाले नाही. दुसऱ्याला बोलाविले, तिसऱ्याला बोलाविले. आठ दिवस गेले. पऱ्हे पिवळे पडले, पुढे धान निम्म्यावर आले. शेवटी त्याच मुलाकडे जाऊन उभा राहिलो.

त्याने इंजिन उघडले. लायनरवर बोट फिरवावयास लावले. आत ओरखड्यांच्या रेघा होत्या. मग त्याने हवा गाळण्याचे भांडे उघडून दाखविले. त्यात तेल असावे लागते, म्हणजे धूळ तिथेच अडकते. भांडे कोरडे ठणठणीत होते. दोन वर्षे मी ते उघडून पाहिलेच नव्हते. धूळ सरळ आत जात होती आणि कानशीसारखी घासत होती.

त्याने सात हजारच घेतले. जुने लायनर न मागता माझ्या ओट्यावर आणून ठेवले. ते अजून तिथेच आहे. आज त्या भांड्यातले तेल मी दर पंधरवड्याला पाहतो, आणि तारीख दाराच्या मागे खडूने लिहितो.

आता तुम्ही वाचा आणि सांगा

एका शेतकऱ्याचा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर चिखलणीला ओढत नाही. बॅटरी चांगली आहे. हवेची गाळणी साफ आहे. मिस्त्रीने घड्याळ लावून हे आकडे लिहून दिले.

१ – ३६०
२ – २२०
३ – २१५

गार इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण काढून, दुसऱ्या नळकांड्यात हवा सोडली तेव्हा पाण्यात बुडबुडे आले. तेलाच्या टोपणातून धूर नाही. गॅरेजच्या चिठ्ठीत लिहिले आहे: 'पिस्टन सेट ३. लायनर ३. हेड गॅस्केट १. इतर. एकूण ३८,०००.'

दम कोणत्या वाटेने गेला असावा? या चिठ्ठीतल्या कोणत्या शब्दांवर तुम्ही बोट ठेवाल? गॅरेजवाल्याला काय विचाराल, ते वहीत तीन ओळींत लिहा.